नळीमामांचं घडीचं हत्यार

"बिघाड कुठे होणार हे आधी कळलं असतं, तर मी तिथंच जाऊन उभा राहिलो असतो," असं नळीमामा एकदा म्हणाले होते. तेव्हा आम्ही सगळे हसलो. वाक्यच तसं होतं, आणि सांगण्याची पद्धतही. मामा विनोद करतानाही हजेरी दिल्यासारखं बोलायचे. त्या वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे आम्हाला उशिरा कळलं.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहायचं. सगळे त्यांना नळीमामा म्हणत, कारण सोळा वर्षं ते रक्ताच्या नळ्या आणत होते. गावभर पसरलेले सात दवाखाने आणि आमची एक लॅब, यांच्यामध्ये मामांची सायकल. नऊला पहिल्या दवाखान्यात पहिल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधला जायचा आणि बाराच्या आत ते रक्त आमच्या यंत्रात जायला हवं असायचं. जास्त वेळ गेला की रक्तातल्या पेशी फुटायला लागतात. मग यंत्र आकडे देतं, पण ते कुणाचेच नसतात.

नमुने घ्यायच्या खिडकीवर मी बसतो. मामा यायचे, कॅरिअरवरची निळी पेटी सोडायचे, खिडकीच्या फळीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "मोजून घ्या." मी नळ्या मोजायचो, वहीत वेळ लिहायचो. अकरा वीस, अकरा पंचवीस, फार तर अकरा पस्तीस. जुन्या वह्या चाळल्या तर ती पानं एकसारखी दिसतात. सोळा वर्षं एकाच ओळीवरून पुन्हा पुन्हा पेन फिरवल्यासारखी.

सातवा दवाखाना कालव्यापलीकडे आहे. तिथून लॅबपर्यंत नऊ किलोमीटर, त्यातले पाच कालव्याच्या काठाने. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गोदामांच्या मागच्या भिंती. त्या भिंतींना दारं नाहीत. त्या रस्त्यावर मध्येच मामांच्या सायकलची चेन तुटली. पिशवीत पंक्चर काढायचं सामान होतं, पंप होता, ओलं फडकं होतं. चेनसाठी काहीच नव्हतं, कारण सोळा वर्षांत चेन कधी तुटलीच नव्हती. मामांनी सायकल ढकलत पळायला सुरुवात केली. पेटी उचलून नुसतंच का पळाला नाहीत, असं नंतर कुणीतरी विचारलं. पेटी अकरा किलोची होती. बर्फ असतो तिच्यात.

मी वहीत बारा पन्नास लिहिलं. पेटीत एकतीस नळ्या होत्या.

तीस माणसांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. कुणी कुरकुरलं, कुणी काहीच न बोलता बाही वर केली. एकतिसावा माणूस आला नाही. छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर काम करणारा, बेचाळीस वर्षांचा, तीन दिवस नुसता अशक्त वाटतंय म्हणणारा. तो त्याच संध्याकाळी घरी गेला होता आणि जेवायच्या आधी खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

दोन आठवड्यांनी त्याची बायको आली. लॅबच्या डॉक्टरबाई तिला आत घेऊन बसल्या होत्या, पण दार उघडं होतं आणि मामा माझ्या खिडकीशी पेटी पुसत उभे होते. डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही. नमुना उशिरा आला, तपासता आला नाही, आला असता तरी ते वाचले असतेच असं नाही, हे सगळं त्यांनी सांगितलं.

ती बाई म्हणाली, "वाचवायचं कुठे म्हणतेय मी? मला फक्त कळायला हवं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, काय झालं होतं हो? आणि मला सांगताच येत नाही. मी म्हणते, काहीतरी झालं होतं. काहीतरी झालं होतं म्हणजे काय हो?"

मामांनी पेटी खाली ठेवली. त्या दिवशी दुपारी ते डॉक्टरबाईंकडे गेले आणि म्हणाले, मला सायकलवरून काढा.

डॉक्टरबाईंनी त्यांना काढलं नाही. नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या टेबलावर बसवलं. फेरीसाठी गाडी ठरवली. गाडी कालव्याच्या अरुंद रस्त्यावर जाऊ शकत नाही, ती पुलावरून यायची आणि पुलावर अडकायची. पाच आठवड्यांत नऊ वेळा पेटी बारानंतर आली. नवव्या वेळी कालव्यापलीकडच्या दवाखान्यातल्या सिस्टरने फोनवर सांगितलं, "मामा येत नसतील तर आम्ही आता रक्त काढायचंच बंद करतो. माणसांना फुकट टोचायचं किती?"

मग एका सोमवारी डॉक्टरबाई चिठ्ठ्यांच्या टेबलाशी आल्या. "मामा, सायकलला नवी चेन बसवली ना?"

"बसवली."

"मग भीती कशाची वाटतेय?"

"चेनची नाही," मामा म्हणाले. "बाकी सगळ्याची."

"म्हणजे बरोबर हत्यार नव्हतं म्हणून तेव्हा अडलात, एवढंच ना? मग घ्या एखादं. छोटं, पिशवीत मावेल असं. लॅब घेऊन देईल. शनिवारपर्यंत निवडा आणि पुढच्या सोमवारी निघा. नाही जमलं तर सातवा दवाखाना सोडून द्यावा लागेल. मी तुमच्यावर ओझं टाकत नाहीये, आहे ते सांगतेय."

मामांनी मान हलवली. ओझं टाकत नाहीये असं माणूस म्हणतो, तेव्हा ते टाकून झालेलं असतं.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघे सायकलच्या दुकानात गेलो. मी मामांच्याच इमारतीत राहतो, एक मजला वर, म्हणून मला सोबत नेलं. दुकानदार मामांचा शाळेतला मित्र. तोंड चालू, हात त्याहून चालू. त्याने काउंटरवर तीन घडीची हत्यारं मांडली. चाकूसारखी मिटणारी, पातीऐवजी किल्ल्या, पेचकस आणि काय काय बाहेर येणारी. डब्यांवर त्यांना मल्टीटूल म्हटलं होतं.

"हे बघ. हे छोटं, अकरा कामाचं. मुठीत मावतं. हे मधलं, सोळा कामाचं. आणि हे थोरलं, बावीस. यात केस विंचरायची फणी तेवढी नाही. तुला तशीही गरज नाही."

मामांनी छोटं उचललं. "यात चेनचं काय?"

"चेनचं नाही. चेनचं मधल्यात आहे. हा स्क्रू फिरवलास की कडीतला खिळा बाहेर ढकलला जातो. उलट बाजूने लावलं की परत आत."

"आणि मागच्या चाकाचा नट?"

"तो तिन्हीत नाही. तुझी सायकल तुझ्याइतकीच जुनी आहे, तिला नट आहेत. ही हत्यारं नव्या सायकलींसाठी. त्यांची चाकं हाताने निघतात. नटाचा पाना वेगळा ठेव पिशवीत."

"म्हणजे सोळा कामं करणारं हत्यार आणि सतरावं काम माझं."

"सतरावं काम सगळ्यांचंच असतं रे."

मामांनी प्रत्येक किल्ली उघडून पाहिली. ही आखूड आहे, जोर लागणार नाही. ही ब्रेकखालच्या खोलातल्या स्क्रूपर्यंत पोचणार नाही, हत्याराचं अंगच मध्ये येतंय. थोरल्यात बाकी सगळं आहे, पण त्याचाच एक स्क्रू ढिला लागतोय. "याचा स्क्रू रस्त्यात सैल झाला तर तो कशाने आवळायचा?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मग तो जरा हळू म्हणाला, "तिन्ही घरी ने. वापरून बघ. शनिवारी दोन परत आण."

त्या आठवड्यात मामांच्या दारापुढची जागा म्हणजे कारखाना झाला. ते पहाटे साडेपाचला सायकल उलटी करून, सीट आणि हँडलवर उभी करत. मी जिन्याने उतरताना दिसे ते असं: खाली जुनं वर्तमानपत्र, त्यावर तीन हत्यारं ओळीने, भिंतीला टेकवलेला एक कागद. कागदावर मामांनी बिघाड लिहिले होते. चेन. ब्रेकची वायर. पॅडल. सीटचा नट. चाकाची तार. हवेची नळी. तेवीस होते. समोर तीन रकाने, आणि कुठलं हत्यार कुठल्या बिघाडाला पुरतं त्याच्या खुणा. एकाही रकान्यात तेवीस खुणा नव्हत्या. थोरल्यात सतरा होत्या. मामा उरलेल्या सहांकडे बघत बसायचे.

मी एकदा म्हटलं, "मामा, हे सहा बिघाड सोळा वर्षांत किती वेळा झाले?"

"एकदाही नाही."

"मग?"

"चेन तरी कुठे तुटली होती?"

मी कागद पुन्हा वरून खाली वाचला.

मामी चहा घेऊन यायच्या आणि उंबऱ्यात उभ्या राहून बोलायच्या. "बघा हो, तुम्हीच बघा. मला पसंत करायला यांना एक कप चहा पुरला होता. तोही पूर्ण प्यायले नाहीत. आणि या लोखंडापुढे चार दिवस झाले ध्यान लावून बसलेत."

"तुझ्यात निवडायला तीन नव्हत्या," मामा मान वर न करता म्हणाले.

"एक होती म्हणून निभावलं. घड्याळ बघू का, की आत जाऊ?"

"बघ. सुरू."

मामी हातातल्या घड्याळावर वेळ धरायच्या. मामा चेनची कडी उघडायचे, चेन पूर्ण सोडायचे, परत जोडायचे, पॅडल फिरवून बघायचे. पहिल्या दिवशी एकोणीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी चौदा. कडी पटकन सापडावी म्हणून त्यांनी मामींची लाल नेलपॉलिश मागितली.

"आयुष्यात एकदा घेतली मी ती बाटली, आणि ती चेनला लावायची?"

"एक थेंब."

"लावा. निदान तिची बोटं तरी सुंदर दिसू देत."

मामांनी एका कडीला लाल ठिपका दिला. तेवढीच कडी उघडायची, तेवढीच मिटायची. चेन नवी होती. सरावासाठी बाकीच्या कड्यांना कशाला हात लावायचा, असा त्यांचा हिशोब. एक कडी आपल्या हाताखाली राहील, बाकीच्या शंभरेक तशाच शाबूत राहतील. सोळा वर्षं दुसऱ्याचं रक्त न सांडता वाहून नेणारा माणूस असाच विचार करणार. मी रोज तो लाल ठिपका बघून जिना उतरत होतो आणि मलाही त्यात काही चुकीचं दिसलं नाही.

गुरुवारी नऊ मिनिटं झाली, शुक्रवारी सात. मामांच्या बोटांची टोकं काळी पडली, अंगठ्याची साल निघाली. चेहरा मात्र उजळला नाही. वेळ कमी होत गेला तसे ते आणखी गप्प होत गेले. मला वाटतं, सात मिनिटं हा आकडा त्यांना आनंद देत नव्हता, विचारत होता. सातच मिनिटं लागतात? मग त्या दिवशी ही सात मिनिटं तुझ्या पिशवीत का नव्हती? त्या दिवशी अकराला चेन तुटली होती. सात मिनिटं धरली, दुप्पट धरली, तरी नळ्या साडेअकराच्या सुमारास फळीवर आल्या असत्या, आणि त्या बाईला काहीतरीच्या जागी एक शब्द मिळाला असता. कुठल्याही आजाराचा का असेना.

शनिवारी संध्याकाळपर्यंत निवड झाली नव्हती. मामा तिन्ही हत्यारं मांडीवर घेऊन बसले होते. छोटं हलकं होतं पण चेनपुढे लंगडं. थोरलं भक्कम होतं पण स्वतःच ढिलं. मधलं बरं होतं. बरं या शब्दावर मामांचा विश्वास उरला नव्हता.

शेवटी मामींनी मधलं उचललं, मामांच्या पिशवीत टाकलं, नटाचा पाना फडक्यात गुंडाळून त्याच्याशेजारी ठेवला, आणि उरलेली दोन हातात घेऊन चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"दुकानात. परत करायला."

"अगं, पण मी अजून..."

"तुम्ही अजून वर्षभर निवडाल. सातही दवाखाने वाट बघतील, सगळी माणसं दंड उघडे ठेवून बसतील. मी निवडलं. चुकलं तर माझ्या नावावर टाका."

हे त्या हसत म्हणाल्या. जिन्यात मला भेटल्या तेव्हा हसत नव्हत्या. "रात्री उठून बसतात हो," एवढंच म्हणाल्या. "आणि बोटं चालवत राहतात. हवेतच."

रविवारी मामींनी निवडलेल्या हत्याराने मामांनी आणखी सराव केला. शेवटची वेळ सहा मिनिटं दहा सेकंद.

सोमवारी ते साडेआठला निघाले. मी खिडकीवर बसलो आणि कधी नव्हे ते घड्याळाकडे पाठ करून बसलो. अकरा वीस गेले. अकरा पस्तीस गेले. आतल्या टेक्निशियनने दोनदा डोकावून पाहिलं. डॉक्टरबाई खोलीतून बाहेर आल्या आणि पाणी प्यायच्या निमित्ताने उभ्या राहिल्या. अकरा अठ्ठेचाळीसला मामांनी पेटी फळीवर ठेवली. हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"मोजून घ्या," ते म्हणाले.

चौतीस होत्या. टेक्निशियनने ट्रे उचलून पळत आत नेला. तीन मिनिटांनी आतून त्याचा आवाज आला, "सगळ्या चांगल्या! चौतीसच्या चौतीस!"

"काय झालं मामा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"चेन तुटली. कालव्यावर."

"आणि?"

"जोडली. एक कडी काढून टाकावी लागली. चेन आखूड झाली म्हणून नट सोडून चाक पुढे घ्यावं लागलं. वीस मिनिटं लागली."

आत टाळ्या वाजल्या. टेक्निशियन बाहेर येऊन म्हणाला, "मामांनी पहिल्याच दिवशी उद्घाटन केलं हत्याराचं! आम्हाला पेढे नकोत, नुसतं हत्यार दाखवा."

डॉक्टरबाई मनापासून हसल्या. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. "बघा मामा. मी म्हणत नव्हते? हत्यार होतं म्हणून आलात. आता भीती गेली ना?"

मामांनी खिशातून काहीतरी काढून फळीवर ठेवलं. तुटलेली कडी. तिची एक पट्टी खिळ्यावरून निसटून वाकली होती, भोक ताणून लांबोडकं झालं होतं. पट्टीवर लाल ठिपका होता. जिना उतरताना त्याच ठिपक्यावर मी रोज नजर टाकत होतो, म्हणून मला बाकीच्यांच्या आधी कळलं.

"ही मी घरी उघडत होतो ती," मामा म्हणाले. "सरावासाठी. खिळा काढायचा, घालायचा. काढायचा, घालायचा. भोक मोठं होत गेलं."

"किती वेळा?" मी विचारलं.

"एक्केचाळीस."

टेक्निशियनच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, काढून ठेवायला जागा न मिळाल्यासारखं.

"मी ही उघडली नसती तर चेन तुटलीच नसती," मामा म्हणाले. "नवी चेन होती. बाकीच्या शंभर कड्यांना काही झालं नाही."

"मामा, पण वेळेत आलात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाराच्या आत. चौतीस माणसं आहेत. हे महत्त्वाचं नाही का?"

"आहे."

"मग चेन बदलू. आजच. पुन्हा नवी टाकू, आणि आता तिला हात नाही लावायचा. झालं."

"ती मी उघडून बघणार नाही, असं तुम्ही सांगू शकता का, बाई?"

डॉक्टरबाईंनी ती कडी उचलून बोटांत फिरवली.

"मला तर सांगता येत नाही," मामा म्हणाले. "उद्या न बघता गेलो, तर वाटेत वाटणार की बघायला हवं होतं. बघून गेलो, तर वाटणार की बघितलं म्हणूनच तुटणार. मी पॅडल मारायचं कशाच्या जोरावर?"

आत यंत्र सुरू झालं होतं. चौतीस माणसांचं रक्त गरगर फिरत होतं आणि त्याचा तो एकसुरी आवाज खिडकीपर्यंत येत होता. मी वहीत अकरा अठ्ठेचाळीस लिहिलं. त्या आकड्यात काही खोट नव्हती.

मामा नळाशी गेले. साबण लावून हात धुतले, पुन्हा लावला, पुन्हा धुतले. काळं निघालं तेवढं निघालं. परत येऊन त्यांनी पिशवीतून मल्टीटूल काढलं, उघडी राहिलेली एक किल्ली मिटवली आणि ते फळीवर माझ्या वहीशेजारी ठेवलं. मग फडक्यातला पाना काढून तोही ठेवला.

"मामा," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता डॉक्टर नव्हती. "उद्या सातव्या दवाखान्यात सिस्टर वाट बघतील. मी त्यांना काय सांगू?"

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता, माफीही नव्हती. रिकाम्या पेटीचं झाकण त्यांनी नीट बसवलं, दोन्ही खटके लावले, पेटी माझ्या बाजूला सरकवली. पिशवी खांद्याला अडकवली, दार उघडलं आणि बाहेर उभी असलेली सायकल तशीच सोडून चालत निघून गेले.